दारातली सात बाय चार

३ मार्च, सोमवार

आज मी माझ्याच घरात, माझ्याच चपलेवरून, माझ्याच पायाने घसरून पडले. दुसऱ्या कुणाला दोष द्यायची सोयच राहिली नाही.

ही जाडजूड डायरी मला टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मैत्रिणींनी निवृत्तीच्या दिवशी दिली होती. लिहिण्यासारखं काही घडलं की लिहीन, म्हणून पाच वर्षं कोरी ठेवली. आज घडलं. डावा घोटा फुगलाय आणि डॉक्टरांनी दहा दिवस घरात बसायला सांगितलंय.

त्याचं असं झालं की बेल वाजली. आमचं दार आत उघडतं आणि पॅसेजच्या दिव्याचं बटण नेमकं त्याच्या मागे. म्हणजे दार उघडलं की बटण झाकलं जातं, आणि बटण दाबायला दार लावावं तर ज्याच्यासाठी दिवा लावायचा तो बाहेर. त्या अंधारात चपलांचा ढीग, दोन छत्र्या, रद्दीचा गठ्ठा आणि कुणी कधी आणलं ते आठवत नाही असं एक मोडकं स्टूल. पार्सलवाल्याने मला हात देऊन उठवलं आणि वर म्हणाला, बाई, अंगठा द्या. मला वाटलं पायाचा. त्याला पोच हवी होती.

सून दुकानातून धावत आली. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. पायाला पट्टी बांधता बांधता म्हणाली, "आई, डोळे मी लोकांचे तपासते आणि आंधळी कोशिंबीर आपल्या घरात." तिथल्या तिथे मी ठरवलं. पॅसेजचा कायापालट करायचा. लोकांची घरं दारापासून सुरू होतात. आमचं घर दारानंतर सात फुटांनी सुरू होतं.

४ मार्च, मंगळवार

दिवसभर पाय उशीवर आणि डोकं पॅसेजमध्ये. शिवणाची टेप घेऊन लंगडत मापं घ्यायला गेले. टेप पाच फुटांवर संपली, पॅसेज पुढे चालूच. समोरच्या घरातली गणितबाई आली (चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, अजून भाजीवालीशीसुद्धा सिद्धता मांडून बोलते). तिने जमिनीवरच्या फरश्या मोजल्या आणि चुटकीसरशी सांगितलं, सात बाय चार. मग मी यादी केली. बसायला बाक, चपलांचं कपाट, पिशव्या टांगायला खुंट्या, किल्ल्यांना फळी, ओल्या छत्र्यांना काहीतरी, आरसा, आपोआप लागणारा दिवा, दार अडणार नाही असं पातळ पायपुसणं. वाचून मलाच हसू यायला लागलं. एवढं सगळं मांडलं तर माणसांना खिडकीतून यावं लागेल.

सून म्हणाली, तिच्या दुकानात येणारं एक गिऱ्हाईक सुतारकाम करतं. काम बरं असतं म्हणे. हे सांगताना ती पाण्याची बाटली भरत होती. बाटली भरून ओट्यावर पाणी आलं तरी नळ चालूच. दमते बिचारी.

८ मार्च, शनिवार

सुतार आले. चाळिशी ओलांडलेले, उंच, मितभाषी. आत येताना माळ्याच्या कडेला कपाळ आपटून घेतलं आणि माळ्यालाच सॉरी म्हणाले.

सात बाय चारच्या जागेला दोन तास. भिंत वरून मोजली, मधून मोजली, खालून मोजली. तिन्ही आकडे वेगळे आले आणि ते लहान मुलासारखे खूश झाले. म्हणाले, भिंत कधीच सरळ नसते काकू, सरळ धरून चाललं की फटी राहतात. फूट-इंच त्यांना चालत नाहीत, सगळं मिलिमीटरमध्ये. मी मनातल्या मनात त्यांचं नाव मिलिमीटर ठेवून टाकलं.

मग मला खुर्चीवर बसवलं आणि गुडघ्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं. बाकाची उंची माझ्या पायाप्रमाणे हवी, म्हणजे उठताना त्रास होणार नाही. चारशे चाळीस. पासष्ट वर्षांत ब्लाउज सोडून कशासाठीही माझं माप कुणी घेतलं नव्हतं. संध्याकाळभर मी चारशे चाळीस, चारशे चाळीस म्हणत फिरत होते. लंगडत, पण फिरत होते.

खुंट्यांसाठी सुनेचा हात किती उंच पोचतो ते मोजायचं होतं. तीनदा मोजलं, तीनदा वेगळं आलं. मी म्हटलं, भिंतीचं समजू शकते, माणसाचा हातसुद्धा वाकडा असतो का? दोघंही एकदम दाराच्या कडीकडे बघायला लागले. कडीत बघण्यासारखं काही नव्हतं.

९ मार्च, रविवार

मिलिमीटर पुन्हा आले. दाराचं माप घ्यायचं राहिलं होतं म्हणे. सुतार दार विसरतो? माणूस नवखा तर नसेल ना, अशी शंका आली. सून मात्र सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून तयार. घरात कुणी येणार म्हटल्यावर नीटनेटकं राहावं, हे मीच तिला शिकवलंय. बरं वाटलं.

१२ मार्च, बुधवार

सून काम सुटल्यावर मिलिमीटरबरोबर लाकडाचे नमुने बघायला गेली. साडेआठला आली, केसांत भुसा, हातात एकही नमुना नाही. म्हणाली, ठरवता आलं नाही, उद्या परत जावं लागेल. मी म्हटलं, इतका जीव काढू नकोस गं, साधा तपकिरी चालेल. तर म्हणे, नाही आई, घाईत ठरवलं की मग आयुष्यभर बघत बसावं लागतं. किती मनावर घेतलंय पोरीने माझं काम.

त्या सुताराच्या चष्म्याची काडी दर दोन दिवसांनी सैल होते आणि घट्ट करून घ्यायला तो दुकानात येतो, असं बोलता बोलता कळलं. मी म्हटलं, असला कुचकामी माल विकता तरी कशाला? बदलून दे त्याला. तिचे कान लाल झाले. दुकानाविषयी बोललेलं तिला सहन होत नाही.

१६ मार्च, रविवार

कपाट किती मोठं हवं हे ठरवायला आज पॅसेजमधल्या पादत्राणांची शिरगणती केली. सदतीस जोड आणि एक एकटी. दोन बायकांच्या घरात. माझ्या निळ्या चपलांचेच चार जोड निघाले. सापडत नाहीत म्हणून दरवेळी नव्या घेतल्या आणि त्या जुन्यांच्याच ढिगात गेल्या. आम्ही दोघी खाली बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

तळाशी मुलाचे तपकिरी बूट निघाले. तीन वर्षांची धूळ.

इथे खरं लिहायला हरकत नाही, डायरी कोण वाचतंय. मुलगा दुसऱ्या शहरात गेला, तिथे दुसरं कुणी भेटलं, कागदांवर सह्या झाल्या. त्या संध्याकाळी सून दोन बॅगा घेऊन याच पॅसेजमध्ये उभी होती. मी म्हटलं, आज उशीर झालाय, उद्या जा. दुसऱ्या दिवशी दोघींनीही तो विषय काढला नाही. लोक म्हणतात, मुलाला सोडलं आणि सुनेला ठेवून घेतलं. म्हणोत. पण तिला इथे राहायचंय का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, त्याचीच भीती.

मुलाला फोन करून बुटांचं विचारलं. टाकून दे, म्हणाला. सुनेने ते पुसून, नाड्या नीट बांधून देऊन टाकायच्या पिशवीत ठेवले. मग हात धुतले आणि शिट्टी वाजवत स्वयंपाकाला लागली. तिला शिट्टी येते हे मला आज कळलं.

१९ मार्च, बुधवार

बाक आला आणि घरात युद्ध झालं.

आमचं ठरलं होतं नऊशे मिलिमीटर. दोन बायका ऐसपैस. आलेला बाक तेराशेचा. तिघं बसतील एवढा. मिलिमीटरमध्ये मोजणाऱ्या माणसाची चूक चांगली सव्वा फुटाची. मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. आम्ही दोनच माणसं आहोत, तिसरं कुणाला बसवू? ते टोपी हातात घेऊन उभे. म्हणाले, "काकू, कुणी आलं तर."

"कोण येणार आहे?"

सून आतून म्हणाली की बाक छान दिसतोय, राहू दे. मी टेकून बघितलं. पाय बरोबर जमिनीला टेकले, बाकाच्या हाताला धरून उठले तर घोटा कुरकुरलासुद्धा नाही. आता बाक परत करणं जिवावर आलं. कपाट समोरच्या भिंतीला घेऊ म्हणाले, तिरपी फळी, चपला उभ्या राहतील, वीतभर खोली पुरेल. मग खरंच बसतात का बघू म्हणून आम्ही तिघं ओळीने बसलो, समोर कोरी भिंत. दवाखान्यात नंबर लावल्यासारखं. मी मध्ये.

जाताना सून त्यांना म्हणाली, "अरे, डोकं सांभाळ." मग लगेच, "सांभाळा." तोपर्यंत आपटलं होतं. ते गेल्यावर मी तिला समजावलं की कारागिराला असं एकेरी बोलू नये, वयाने मोठा आहे. ती हो म्हणाली आणि उशीत तोंड खुपसून बराच वेळ हसली.

२३ मार्च, रविवार

दिवा लागला. आपोआप. दारात पाऊल टाकलं की लागतो, माणूस गेलं की विझतो. मी सकाळपासून अकरा वेळा आत-बाहेर केलं. बाराव्या वेळी गणितबाईने तिच्या दारातून विचारलं, हरवलीस का?

कपाट बसलं. सदतीस जोडांतले चौदा उरले, सगळे आत मावले. पायपुसणं दाराखालून अलगद सरकतं. छत्र्यांना पितळेचा एक लांबट डबा, तळाशी पाणी साठायला ताटली. खुंट्या चार सांगितल्या होत्या, पाच लावल्यात. पाचवी बरीच वर, माझा किंवा सुनेचा हात पोचणार नाही तिथे. हा माणूस मापात पक्का आणि मोजण्यात कच्चा. पण मी आज कुणावर रागावणार नाही. मला नाचावंसं वाटतंय आणि घोटा जवळजवळ हो म्हणतोय.

२६ मार्च, बुधवार

गणितबाई बाकावर बसायला आली. बसली, उठली, पुन्हा बसली, उत्तम म्हणाली. मग म्हणाली, पॅसेजचं झालं, आता मुलीचं कधी?

मला कळेना. तिने बोटं पुढे धरली आणि एकेक करून मांडलं. रोज सैल होणारी काडी. विसरलेलं दार. न सापडणारे नमुने. तिसऱ्या माणसाचा बाक. पाचवी खुंटी, कुणाच्या उंचीला? म्हणाली, अगं, जिन्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, मला वाटलं तू मुद्दाम गप्प आहेस.

तीस वर्षं लोकांच्या लाइनी जोडल्या मी. कोण कुणाशी बोलतंय हे मला श्वासावरून कळायचं.

ती गेल्यावर मी बाकावर बसून राहिले. हालचाल नाही म्हणून दिवा विझला. मी हात हलवला नाही.

२८ मार्च, शुक्रवार

मी वाईट वागले. लिहून ठेवते, म्हणजे उद्या स्वतःलाच नाही म्हणता येणार नाही.

मिलिमीटर आरशाचं माप घ्यायला आले. मी दारातच सांगितलं, आरसा नको. आता काहीच नको, काम झालं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दाराआड उभ्या सुनेकडे बघितलं, बरं म्हणाले. यावेळी डोकं आपटलं नाही. वाकून गेले.

रात्री जेवताना सुनेने विचारलं, "काम आवडलं नाही का तुम्हाला?" मी म्हटलं, चांगलं आहे. फार चांगलं आहे. तिने माझ्या ताटात अजून एक पोळी वाढली. लग्न करून गेली तर मी काय करणार आहे? तेराशे मिलिमीटरच्या बाकावर एकटी आडवी होईन.

२९ मार्च, शनिवार

मी घर सोडलं. सुनेला सांगितलं, दोन दिवस बहिणीकडे जातेय. मनात होतं की माझ्यामागे काय ते दोघांनी ठरवावं. बॅग भरली, सुनेने बसपर्यंत सोडायचा हट्ट धरला, मी नको नको म्हणत तिला दुकानात पिटाळलं. मग बॅग उचलली, जिना एक मजला उतरले, घोटा दुखायला लागला. बहिणीचं गाव चार तासांवर. परत वर चढले आणि गणितबाईची बेल वाजवली.

तिने बॅगेकडे बघितलं आणि विचारलं, किती अंतर कापलंस? मी म्हटलं, नऊ फूट.

३० मार्च, रविवार

अक्षर कोंबडीच्या पायांचं आलंय, तरी आजचं आजच लिहायचं.

सकाळपासून मी गणितबाईच्या दाराच्या भिंगाला डोळा लावून होते. शेजारी ती कान लावून. दोघींचं मिळून एक धड माणूस. अकरा वाजता मिलिमीटर जिना चढून आले. बगलेत घोंगडीत गुंडाळलेला आरसा. मी नको म्हटलेला. सुनेने दार उघडलं, दिवा लागला. आमचं घर बाहेरून असं दिसतं हे मी पहिल्यांदा बघितलं. उजेड, बाक, खुंटीवर तिची निळी ओढणी. कुणालाही आत जावंसं वाटेल.

ते आत गेले नाहीत. विचारलं, काकू आहेत? ती म्हणाली, बहिणीकडे गेल्यात. मग ते म्हणाले की त्या नसताना मी आत येणार नाही, इथे पायरीवर बसतो, आल्या की आरसा दाखवतो. दोन दिवस बसणार का, असं तिने विचारलं. ते खरंच बसले. तीही उंबऱ्यावर बसली. मध्ये घोंगडीतला आरसा.

ती म्हणाली, त्यांनी नाही म्हटलं तर? मी त्यांना टाकून येणार नाही, हे तुला पहिल्याच दिवशी सांगितलंय.

ते म्हणाले, "टाकून ये असं मी कधी म्हटलं? मी बाक तिघांचा केलाय."

इथे मला शिंक आली. मोठी. गणितबाईने माझं तोंड दाबायला हात पुढे केला तो कडीला लागला, तिचं दार बाहेर उघडतं, आणि मी दारासकट बाहेर. पायात काही नाही, गालावर भिंगाचा गोल ठसा. दोघं उठून उभी राहिली. सुनेने माझ्याकडे बघितलं, मागे गणितबाईच्या हॉलमधल्या माझ्या बॅगेकडे बघितलं. बहिणीकडचा प्रवास कसा झाला, असं काही ती विचारेल म्हणून मी उत्तर जुळवत होते. ती रडायला लागली. मग मला लाज वाटायला वेळच राहिला नाही.

मी म्हटलं, "इथे राहायचंय की जायचंय, हे मी तुला तीन वर्षांत एकदा तरी विचारायला हवं होतं. आज विचारते. खरं सांग, माझ्याकडे बघू नकोस."

ती माझ्याकडेच बघत म्हणाली, "मला लग्न करायचंय. आणि मला इथेच राहायचंय, तुमच्याजवळ. दोन्ही हवंय मला, आई. जमेल की नाही ते तुम्ही सांगा."

मिलिमीटर घशातल्या घशात म्हणाले की त्यांची खोली त्यांच्या सुतारकामाच्या कारखान्याच्या वर आहे, शिडीसारखा जिना, तिथे माझा घोटा चढणार नाही, हे त्यांनी आधीच पाहिलंय. म्हणजे मला न्यायचा विचारसुद्धा मापून झाला होता. मला काहीतरी मोठं, शोभेलसं बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते असं की आधी आरसा आत घ्या, जिन्यात कुणाचा धक्का लागेल.

ते आत आले आणि माळ्याला कपाळ आपटलं. मी म्हटलं, उद्या पहिलं काम, हा माळा काढायचा. गणितबाईने दारातून जाहीर केलं, सिद्ध झालं.

२ एप्रिल, बुधवार

मुलाला फोन केला. त्याला माझ्याकडून कळायला हवं. सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता. लाइन तुटल्याची शांतता वेगळी आणि माणूस गप्प बसल्याची वेगळी, ती मला आजही ओळखू येते. मी थांबले. शेवटी म्हणाला, बरं झालं, आई. मग म्हणाला, तिला सांग. काय सांगू ते नाही बोलला. मी तिला तेवढंच सांगितलं. तिने मान हलवली.

माळा गेला. त्यातून निघालेल्या वस्तूंविषयी लिहायचं तर दुसरी डायरी लागेल.

८ मे, गुरुवार

आज दहा वाजता नोंदणी कार्यालयात पोचायचं होतं. पावणेदहाला आम्ही सगळे पॅसेजमध्ये. चार फुटांत चार माणसं आणि गणितबाईची पर्स. आरशात एका वेळी तिघांची डोकी, त्यात सुनेला एक कानातलं सापडत नव्हतं, मिलिमीटरच्या सदऱ्याचं बटण खाली-वर लागलेलं, गणितबाई दर मिनिटाला किती मिनिटं उरली ते सांगतेय. सगळे एकाच वेळी वाकायचे, एकाच वेळी उठायचे, एकमेकांना सॉरी म्हणायचे. दिवा आज एकदाही विझला नाही.

मी बाकावर बसले आणि नव्या सँडलचे पट्टे लावायला वाकले. तर दोघंही खाली बसली, एका पायाशी ती, एका पायाशी तो. मी म्हटलं, लावते मी, लहान आहे का? कुणी ऐकलं नाही. वरून मला तिचा भांग दिसत होता आणि त्याच्या डोक्यावर विरळ होत चाललेलं गोल, आणि दोघांचे कान सारखेच लाल.

त्याने माझा डावा पट्टा एक भोक जास्त आवळला. चालताना दिवसभर जाणवत राहिलं. मी सैल केला नाही.